चित्राची चौकशी

२०१८ च्या उन्हाळ्यात एक व्हिडिओ कर्नाटक, तामिळनाडू, महाराष्ट्र असा फिरत होता. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि पसार होतात. कॅमेरा उंचावर, दृश्य सीसीटीव्हीसारखं. फिरणारा व्हिडिओ इथेच संपायचा, मूळ फीत मात्र पुढे चालू राहते. तेच दोघं परत येतात, मुलाला सोडतात आणि कॅमेऱ्यापुढे एक फलक धरतात. कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षणसुद्धा पुरतो, अशा अर्थाचा मजकूर त्यावर असतो. पाकिस्तानातल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली ही जाहिरात होती. कुणीतरी शेवटचे काही सेकंद छाटले आणि तिचा ‘पुरावा’ झाला. त्या काळात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या नावाखाली जे जे फिरत होतं, त्यात सीरियात २०१३ मध्ये विषारी वायूने मारल्या गेलेल्या मुलांची दृश्यंही होती. अफवांच्या याच वातावरणात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली.

कराचीच्या त्या फितीतली एकही चौकट बनावट नव्हती. त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती, फोटोशॉप नव्हतं. फक्त कात्री होती. मुलांना चित्रं वाचायला कशी शिकवायची, या प्रश्नाचा आढावा घेताना हे आधी सांगायला हवं. कारण ‘दृश्यसाक्षरता’ या नावाखाली सध्या शाळा-कॉलेजांत जे शिकवलं जातं, त्याचा मोठा भाग बनावट चित्र ओळखण्याच्या युक्त्यांचा असतो: बोटं मोजा, कानातले दोन्हीकडे सारखे आहेत का बघा, मागच्या पाटीवरची अक्षरं वाचा. माझ्या मते यात वेळ चुकीच्या ठिकाणी खर्च होतो आहे.

हा शब्दप्रयोग रूढ केला जॉन डेबेस यांनी, १९६९ मध्ये. ते कोडॅक कंपनीत होते. दूरचित्रवाणीवर वाढलेली पिढी चित्रांतूनच विचार करते आणि शाळा मात्र अक्षरांपाशी अडकली आहे, अशी तेव्हाची तक्रार होती. फिल्मचे रोल विकणाऱ्या कंपनीतल्या माणसाला चित्रांच्या शिक्षणाची काळजी वाटावी यात नवल नाही; आज समाजमाध्यमांच्या कंपन्या ‘डिजिटल साक्षरते’च्या कार्यशाळांना पैसे देतात, तसंच ते. पण त्या विचाराला धार आली १९७२ मध्ये, जॉन बर्जर यांच्या बीबीसीवरच्या ‘वेज ऑफ सीइंग’ या मालिकेने. चित्राचा एखादाच तुकडा दाखवला, मागे संगीत बदललं, शेजारी चार शब्द ठेवले की चित्राचा अर्थ कसा फिरतो, हे त्यांनी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत करून दाखवलं. त्यांचं सर्वांत गाजलेलं उदाहरण व्हॅन गॉगच्या गव्हाच्या शेताचं, वर कावळे उडताहेत ते. आधी नुसतं चित्र बघायचं. मग कळतं की आत्महत्येपूर्वीचं हे त्याचं शेवटचं चित्र. आणि तेच चित्र वेगळं दिसायला लागतं. गंमत अशी, की ती माहितीच बरोबर नाही. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाच्या मते त्याचं शेवटचं चित्र झाडांच्या मुळांचं आहे, कावळ्यांचं नव्हे. ओळ चित्राला गिळते हे सांगणारा धडाच एका चुकीच्या ओळीवर उभा होता आणि त्यामुळे तो धडा पडत नाही, उलट पक्का होतो.

बनावट ओळखण्याच्या प्रशिक्षणातून काय हाती लागतं, ते आता पाहू. सोफी नाइटिंगेल आणि हॅनी फरीद यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना खरे आणि यंत्राने घडवलेले चेहरे ओळखायला सांगितले. बरोबर उत्तरांचं प्रमाण होतं ४८.२ टक्के, नाणं उडवून सांगितलं असतं तर याहून थोडं बरं झालं असतं. दुसऱ्या गटाला काय बघायचं ते शिकवलं आणि प्रत्येक उत्तरानंतर चूक की बरोबर तेही सांगितलं. तरी आकडा ५९ वरच थांबला. शिवाय घडवलेले चेहरे लोकांना खऱ्या चेहऱ्यांपेक्षा जरा अधिक विश्वासार्ह वाटले. हे सगळं चित्र घडवणारी आजची साधनं सगळ्यांच्या हाती येण्यापूर्वीचं. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचा पांढऱ्या फुगीर जॅकेटमधला फोटो जगभर खपला, तेव्हा हातांची बोटं बघण्याचा सल्ला काही महिने उपयोगी पडला. वर्गात भिंतीवर तो तक्ता लावेपर्यंत यंत्रं बोटं नीट काढायला शिकली होती.

याहून वाईट परिणाम उलट्या दिशेचा आहे. २०२४ मध्ये माइल्स ॲस्ट्रे या छायाचित्रकाराने एका स्पर्धेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गटात स्वतः काढलेला अस्सल फोटो पाठवला. फ्लेमिंगो आपलं पोट खाजवत होता, त्यामुळे मान आणि डोकं दिसतच नव्हतं. परीक्षकांना तो यंत्राने केलेला वाटला, बक्षीस मिळालं आणि खरं कळल्यावर प्रवेशिका बाद झाली. स्पर्धेत हसून सोडून देता येतं. पण अत्याचाराचा खरा व्हिडिओ समोर आला आणि आरोपी ‘हे एआय आहे’ म्हणाला, तर? बॉबी चेस्नी आणि डॅनिएल सिट्रॉन या अमेरिकी कायदेपंडितांनी २०१९ मध्येच हा धोका मांडला होता: खोट्याचा बोलबाला जितका वाढेल, तितकं खऱ्याला खोटं म्हणणं सोपं होईल. कॉलेजच्या कट्ट्यावर ‘एआय असेल रे’ हे आता प्रत्येक नकोशा फोटोला दिलेलं उत्तर झालं आहे. मुलांना संशय घ्यायला शिकवणं सोपं असतं. संशय कुठे थांबवायचा हे शिकवणं अवघड. २०१८ मध्ये आलेल्या ‘बॅड न्यूज’ या खेळात मुलं स्वतःच खोट्या बातम्या रचून त्यांच्या युक्त्या शिकतात. त्याचं पुष्कळ कौतुक झालं. पुढे काही संशोधकांनी त्याचे आकडे पुन्हा तपासले आणि आक्षेप घेतला, की खेळाडू खऱ्याखोट्यातला फरक ओळखण्यात तरबेज होत नाहीत, ते सरसकट सगळ्याकडेच जास्त संशयाने बघायला लागतात. वाद अजून मिटलेला नाही, पण आक्षेप मला वजनदार वाटतो.

मग काय शिकवायचं? या क्षेत्रात दुसरी एक धारा आहे आणि तिचा पाया अधिक भक्कम आहे. ती विचारते: हे चित्र आलं कुठून?

२०१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या इतिहास-शिक्षणाच्या गटाने अमेरिकी हायस्कूलच्या मुलांना एक फोटो दाखवला. वेड्यावाकड्या वाढलेल्या डेझीची फुलं, आणि खाली दावा, की हा फुकुशिमाच्या किरणोत्साराचा परिणाम. अणुभट्टीजवळच्या परिस्थितीचा हा भक्कम पुरावा आहे का, असा प्रश्न होता. दहातल्या जवळपास चौघांनी हो म्हटलं, कारण फोटो समोर होता. फोटो कुणी टाकला, कुठे काढला, हे विचारणारे पाचात एकही भरले नाहीत. फुलं खरीच तशी होती की नाही, हा इथे मुद्दाच नाही. ती फुकुशिमाजवळची आहेत हे फोटोतून कळत नव्हतं आणि मुलांनी ते फोटोतच शोधलं.

याच गटातले सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी पुढे तीन प्रकारच्या लोकांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला बसवलं: इतिहासाचे प्राध्यापक, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि व्यवसायाने तथ्यतपासणी करणारे. प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी समोरचं पान वरपासून खालपर्यंत बारकाईने वाचलं, बोधचिन्ह आणि मांडणी बघितली आणि त्यातले बरेच फसले. तथ्यतपासनीसांनी पान उघडल्याबरोबर ते सोडलं, शेजारी दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते आधी बघितलं. आयुष्यभर पोथीसारखं एकेक ओळ वाचण्याची सवय असलेल्या माणसांना तीच सवय आडवी आली.

चित्राच्या बाबतीत हे काम फोनवर अर्ध्या मिनिटात होतं. चित्रावरून उलटा शोध घेण्याची सोय टिनआयने २००८ मध्ये आणि गूगलने २०११ मध्ये दिली. आता ती लेन्सच्या रूपात बहुतेक फोनमध्ये आहे. चौथी-पाचवीचं मूल चपलेचा फोटो काढून ती कुठे स्वस्त मिळते हे शोधतं. तीच खूण दंगलीच्या फोटोवर वापरायची हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आणि मुलांनाच कशाला नावं ठेवायची? केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०१६-१७ च्या वार्षिक अहवालात भारताच्या सीमेवर प्रखर दिवे लावल्याचा जो फोटो छापला होता, तो निघाला स्पेन आणि मोरोक्को यांच्यामधल्या सीमेचा, २००६ मधला. खुद्द महाराष्ट्रात एके काळी इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं आणि पूजलं जात होतं. वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतलं महाराजांचं चित्र शोधून १९३३ मध्ये लोकांपुढे आणलं तेव्हा ही चूक सुटली. बेंद्र्यांनी जे केलं ते उलटा शोधच होता, फक्त त्याला दप्तरं उपसावी लागली. दहावीच्या इतिहासाच्या तासाला दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवली तर मुलांना कळेल की ओळ आणि चित्र यांची फारकत व्हॉट्सॲपने शोधून काढलेली नाही.

आता एक अडचण. दृश्यसाक्षरतेच्या आणखी एका, जुन्या आणि प्रतिष्ठित परंपरेचा सल्ला याच्या नेमका उलटा आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन यांनी चित्रापुढे मुलांना बसवून चर्चा करण्याची एक पद्धत घडवली. शिक्षकाने तीनच प्रश्न विचारायचे: या चित्रात काय चाललंय? तुला असं कशावरून वाटलं? आणखी काय सापडतं? माहिती द्यायची नाही, चित्रकाराचं नाव सांगायचं नाही, चूक-बरोबर करायचं नाही. ‘कशावरून’ हा मधला प्रश्न सगळं काम करतो, कारण मत आणि पुरावा वेगळे ठेवण्याची सवय त्यातून लागते. बघण्याच्या सरावाचा उपयोग कलेबाहेरही होतो. येल विद्यापीठात त्वचारोगतज्ज्ञ अर्विन ब्रेव्हरमन यांनी वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेऊन जुनी चित्रं शब्दांत मांडायला लावली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, रुग्णांच्या फोटोंतली लक्षणं टिपण्यात हे विद्यार्थी इतरांपेक्षा सरस ठरले.

म्हणजे एक गट म्हणतो, चित्रापुढे ठाण मांडून बस; दुसरा म्हणतो, चित्र सोडून लगेच बाहेर जा. अभ्यासक्रम लिहिणारी मंडळी दोन्ही एका यादीत कोंबतात आणि मोकळी होतात. मला वाटतं क्रम लावला तर दोन्हीला जागा आहे. फोनवर अचानक येऊन आदळलेलं, राग किंवा भीती चेतवणारं चित्र रोखून बघू नये. रोखून बघितल्याने ते मनात मुरतं आणि खरं वाटायला लागतं. त्याचं मूळ गाव आधी शोधावं. मूळ सापडलं आणि चित्र बघण्याच्या लायकीचं ठरलं, तर मग तीन प्रश्न आणि हवा तेवढा वेळ.

१८५७ शिकवताना हे करता येतं. लखनौच्या सिकंदरबागेचा फेलिचे बिआतो यांनी काढलेला फोटो प्रसिद्ध आहे: पडकी इमारत, पुढच्या पटांगणात विखुरलेली हाडं. लढाई झाली नोव्हेंबर १८५७ मध्ये आणि बिआतो तिथे पोचले १८५८ मध्ये, कित्येक महिन्यांनी. हाडं फोटोसाठी उकरून मांडली गेली असं मानलं जातं. आता वर्गात विचारायचं: इमारत खरी, हाडं खरी, मग खोटं काय आहे? हा फोटो विकत घेणारा कोण होता आणि त्याला काय बघायला आवडलं असतं? चांगल्या शिक्षकाच्या हातात यावर दोन तास जातात.

हे शिकवलं तर उपयोग होतो का, याचं उत्तर योगायोगाने आपल्याच देशातून आलं आहे आणि ते सरळ नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये १,२२४ जणांचा प्रयोग केला. निवडलेल्या प्रौढांच्या घरी जाऊन तासभर खोट्या बातम्या आणि चित्रं कशी तपासायची ते शिकवलं. सरासरीत परिणाम जवळपास शून्य. सत्ताधारी पक्षाच्या समर्थकांमध्ये तर आपल्या बाजूच्या खोट्या गोष्टी ओळखण्याची कुवत उलट घटलेली दिसली. त्याच सुमाराचा आणखी एक अभ्यास, २०२० मधला: फेसबुकच्या धर्तीवरच्या सूचना वाचल्यावर अमेरिकेतल्या आणि भारतातल्या सुशिक्षित, ऑनलाइन गटांना फायदा झाला, उत्तर भारतातल्या बहुतांशी ग्रामीण गटाला काहीच झाला नाही.

पण बद्रीनाथन थांबल्या नाहीत. प्रियदर्शी अमर, सिमॉन शोशार आणि फ्लोरियन झिखार्ट यांच्याबरोबर त्यांनी पुन्हा बिहारच गाठला. या वेळी ५८३ गावं आणि साडेतेरा हजारांच्या घरातले शाळकरी विद्यार्थी. एका तासाऐवजी सुमारे चार महिन्यांचा अभ्यासक्रम, सरकारी यंत्रणेच्या सहकार्याने, वर्गात, सोबतच्या मुलांबरोबर. विषय मुख्यतः आरोग्याबद्दलच्या अफवांचा. मुलांची खरंखोटं ओळखण्याची क्षमता स्पष्टपणे वाढली. चार महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही ती टिकून होती आणि न शिकवलेल्या राजकीय अफवांनाही लागू पडत होती. शिवाय या मुलांचे आईवडीलही अधिक नीट पारखायला लागले होते. अभ्यास फक्त चित्रांचा नव्हता, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की बऱ्याच गोष्टी स्पष्ट होतात. एका तासाच्या कार्यशाळेने, पाहुण्या वक्त्याने, प्रमाणपत्राने काही होत नाही. वेळ लागतो, वर्ग लागतो आणि पक्ष अंगात मुरण्यापूर्वीचं वय लागतं.

केरळने हे प्रयोगापूर्वीच ताडलं होतं. कन्नूर जिल्ह्यात २०१८ मध्ये सुमारे दीडशे सरकारी शाळांत ‘सत्यमेव जयते’ नावाचे तास सुरू झाले. निमित्त होतं लसीकरणाविरुद्ध पसरलेल्या अफवांचं. पुढे राज्याने तसे धडे बऱ्याच मोठ्या संख्येने मुलांपर्यंत नेले आणि माहिती तंत्रज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातच तथ्यतपासणी आणली. फिनलंडचं उदाहरण सगळेच देतात, म्हणून इथे एका वाक्यात: २०१६ पासून लागू झालेल्या त्यांच्या अभ्यासक्रमात चित्र, मजकूर, आवाज, आकडे या सगळ्यांचं वाचन प्रत्येक विषयात विणलेलं आहे, त्याला वेगळा तास नाही.

महाराष्ट्राकडे यावं तर पहिली गोष्ट ही, की आपल्याकडे चित्रवाचन नाही असं नाही. ते पहिलीत आहे. बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकात जत्रा, बाजार, शेत अशी भरगच्च चित्रं असतात आणि बाई ‘काय काय दिसतंय सांगा’ म्हणतात. अक्षरओळख झाली की ते संपतं. चित्राची भूमिका धड्याशेजारची शोभा एवढीच उरते. म्हणजे मुलाच्या हाती फोन येतो त्याच्या नेमकं आधी आपण चित्र वाचणं बंद करतो. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ २०२४ अहवालानुसार ग्रामीण भारतातली १४ ते १६ वयोगटातली ८२ टक्क्यांहून अधिक मुलं स्मार्टफोन वापरू शकतात. आधीच्या आठवड्यात त्यांतल्या ७६ टक्क्यांनी तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता, ५७ टक्क्यांनी शिकण्याशी संबंधित कशासाठी तरी.

चित्रकलेच्या तासावर भिस्त ठेवावी तर तो तास आधीच जायबंदी आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तरच कलेसाठी अंशकालीन निदेशक; तेही पद भरलेलं असेल तर. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना मुलं मोठ्या संख्येने बसतात, दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम, अक्षरलेखन असं सगळं त्यात आहे आणि हात तयार होण्याच्या दृष्टीने ते उत्तम आहे. पण दुसऱ्याने काढलेलं चित्र बघून दोन वाक्यं बोलायला ती परीक्षा कुठेही सांगत नाही. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात प्रसारमाध्यमांवर एक चांगलं प्रकरण आहे आणि माध्यमांतून येणारी माहिती पारखून घ्यावी असं ते सांगतंही. त्यासाठी दिलेलं उदाहरण मात्र ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाने छापलेल्या हिटलरच्या बनावट रोजनिशांचं. उदाहरण वाईट नाही, पण ते १९८३ चं आणि जर्मनीतलं. कराचीची फीत आणि राईनपाडा पुस्तकाच्या पानावर यायला अजून किती वर्षं जावी लागतील, कुणास ठाऊक.

खरं तर महाराष्ट्राला बाहेरून फार काही आणायची गरज नाही. पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र हातात धरून त्याची गोष्ट सांगत आले. चित्र आणि शब्द वेगळे असतात आणि त्यांना जोडणारा एक माणूस असतो, हे त्या खेळात उघड दिसतं. दादासाहेब फाळके स्वतः जादूचे प्रयोग करणारे, फोटोग्राफी आणि छपाई जाणणारे. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारी फीतच त्यांनी १९१७ मध्ये केली. ‘कालिया मर्दन’ (१९१९) सुरू होतो तो कृष्णाने नव्हे, तर त्यांच्या मुलीच्या, मंदाकिनीच्या चेहऱ्याने. ती साध्या रूपात कॅमेऱ्यासमोर एकेक भाव करून दाखवते आणि मग कृष्ण होते. शंभर वर्षांपूर्वी या माणसाने प्रेक्षकाला आधी पडद्यामागे नेलं आणि मग पडद्यावर गुंगवलं. आणि प्रेक्षक गुंगलाही. चित्र कसं बनतं हे कळलं की चित्राची मजा जाते, असं म्हणणाऱ्या कलाशिक्षकांना हा चित्रपट दाखवावा.

आणि रोजचं साहित्य हवं असेल तर चौकातला फ्लेक्स आहे. ‘भावी नगरसेवक’ मधोमध, कमरेवर हात किंवा हात जोडलेले, पांढरा शर्ट, गॉगल. वरच्या पट्टीत पक्षाच्या नेत्यांचे चेहरे, ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या आकारात. खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, इतके की नावं वाचता येत नाहीत. आठवीतलं कुठलंही पोरगं सांगेल की गेल्या वर्षी वरच्या पट्टीत कोण होतं आणि यंदा कोण गायब झालं, म्हणजे भाऊंनी गट बदलला. आकार, जागा, क्रम, पोशाख, नजर, काय दाखवलं, काय गाळलं: दृश्यभाषेचं सगळं व्याकरण या मुलांना येतं. कुणी त्यांना कधी विचारलेलं नाही एवढंच. यूट्यूबवरच्या बातम्यांच्या थंबनेलचंही तेच. लाल बाण, गोल वर्तुळ, तोंडाचा आ, आणि आत गेलं की भलतंच काहीतरी; पोरं यावर विनोद करतात आणि तरीही क्लिक करतात.

त्या ‘तरीही’पाशी या विषयाची मर्यादा येते. फ्रान्सने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२१ मध्ये जाहिरातींतल्या कमनीय केलेल्या शरीरांवर ‘फोटो बदललेला आहे’ अशी खूण सक्तीची केली. अशा खुणांवर झालेल्या बऱ्याच प्रयोगांतून दिसतं, की खूण वाचूनही मुलींची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी कमी होत नाही. फिल्टर लावलेला आहे हे ज्या मुलीने तो स्वतः लावला तिला माहीत असतंच. माहीत असणं आणि त्याचा परिणाम न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्या बाईच्या शरीरावर चढवलेला व्हिडिओ फिरला. तो खोटा आहे हे लवकरच सर्वांना कळलं, पण त्याने नुकसान भरून आलं नाही. ज्या वर्गात मुली ‘फोटो मॉर्फ करीन’ या धमकीला घाबरून असतात, तिथे उलट्या शोधाची पद्धत शिकवून भागत नाही. तिथे तक्रार कुठे करायची, घरी कसं सांगायचं आणि शेजारच्या बाकावरच्या मुलांनी तो फोटो पुढे का पाठवू नये, हे शिकवावं लागतं. शाळांना हा भाग नकोसा असतो, म्हणून दृश्यसाक्षरतेच्या पुस्तिकांत तो दोन ओळींत उरकलेला दिसतो.

तंत्रज्ञानातून येणाऱ्या उपायाबद्दल थोडक्यात. फोटो कुठल्या कॅमेऱ्याने काढला आणि नंतर त्यात काय बदललं याची नोंद फोटोतच मोहोरबंद करण्याचं एक मानक २०२१ पासून आकाराला येत आहे. लायकाने २०२३ मध्ये तशी सोय असलेला कॅमेरा बाजारात आणला. चांगलं आहे. पण स्क्रीनशॉट काढला की ती मोहोर जाते आणि आपल्याकडे निम्मं जग स्क्रीनशॉटवर चालतं.

वर्गात करता येण्याजोग्या कामांत मला सर्वांत आवडतं ते कात्रीचं. शिक्षकाच्या एकाच फोनवर शाळेच्या मैदानाचा एक फोटो काढायचा आणि गटागटाने तो असा कापायचा, की एकात शाळा ओस वाटावी, दुसऱ्यात गजबजलेली, तिसऱ्यात भांडण चालल्यासारखी. एकही पिक्सेल बदलायचा नाही. मग प्रत्येकाखाली खरी पण दिशाभूल करणारी ओळ लिहायची. ‘खरी पण’ ही अट महत्त्वाची. पंचेचाळीस मिनिटांत मुलं कराचीच्या फितीचं रहस्य स्वतःच्या हातांनी समजून घेतात. भूगोलाच्या बाईंनी मर्केटरच्या नकाशावर ग्रीनलंड आणि भारत शेजारी मोजायला लावावेत: नकाशात ग्रीनलंड कितीतरी मोठा, प्रत्यक्षात भारत त्याच्या सुमारे दीडपट. गणिताच्या सरांनी स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्याऐवजी नव्वदपासून सुरू करून दाखवावा. याला नवं पुस्तक लागत नाही, नवा तासही लागत नाही.

तरी आपल्याकडे जे परीक्षेत नाही ते शाळेत नाही, हे मान्य करूनच पुढे जावं लागतं. भाषेच्या पेपरात अपठित उतारा असतो, तसं इतिहासाच्या पेपरात एक अपठित चित्र देता येईल: पूर्वी न बघितलेला फोटो, खाली एक दावा, आणि प्रश्न असे, की या चित्रावरून काय नक्की सांगता येतं, काय सांगता येत नाही, आणि दावा पडताळायला तुम्ही कुठे, काय शोधाल. अडचणी लगेच दिसतात. पेपर काळ्यापांढऱ्या शाईत छापला जाणार आणि फोटोचा डाग होणार. जूनपर्यंत गाइडवाले ‘संभाव्य चित्रे, आदर्श उत्तरांसह’ काढणार. पण खरी अडचण तपासणीची आहे. अशा प्रश्नाचं सर्वांत उत्तम उत्तर पुष्कळदा ‘एवढ्यावरून सांगता येणार नाही’ हे असेल, पुढे ‘कारण’ लिहून. त्या उत्तराला पाचपैकी पाच गुण द्या, असं परीक्षकांच्या सूचनापत्रात मंडळाला छापावं लागेल.